गोष्ट कोण सांगतंय?

भासुरक नावाचा सिंह रानातली जनावरं सपाटून मारत सुटतो. शेवटी सगळी जनावरं मिळून त्याला विनवतात की, तू शिकारीला बाहेर पडूच नकोस, रोज एक जनावर आम्ही आपणहून पाठवतो. एके दिवशी सशाची पाळी येते. ससा मुद्दाम रमतगमत, सिंहाची भुकेची वेळ टळून गेल्यावर पोचतो. वाटेत दुसऱ्या सिंहानं अडवलं अशी थाप मारतो आणि भासुरकाला विहिरीच्या काठावर नेऊन त्याचंच प्रतिबिंब दाखवतो. सिंह डरकाळी फोडतो, विहीर तीच डरकाळी दुपटीनं परत करते, आणि सिंह आत उडी घेतो.

मराठी घरातल्या मुलानं शाळेत जाण्याआधी ऐकलेल्या पहिल्या दहा गोष्टींत ही बहुतेक असतेच. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे तिचं तात्पर्यही आपल्याला पाठ असतं. पण मूळ पंचतंत्र उघडून ही गोष्ट नेमकी कुठे येते ते पाहिलं, की बसल्या जागी दचकायला होतं. ही गोष्ट तिथे सांगतो दमनक नावाचा कोल्हा. पिंगलक हा सिंह आणि संजीवक हा बैल यांची घट्ट मैत्री झालेली असते. त्या मैत्रीमुळे दरबारातलं आपलं महत्त्व गेलं, याचा दमनकाला राग आहे. दोघांत वितुष्ट आणायचं त्यानं ठरवलं आहे. त्याचा सोबती करटक विचारतो, एवढ्या बलाढ्य दोघांपुढे तुझं काय चालणार? त्यावर दमनक उत्तरादाखल दोन गोष्टी सांगतो. पहिली, कावळ्यानं सोन्याच्या साखळीच्या युक्तीनं सापाला मारवल्याची. आणि दुसरी, ही सशाची.

म्हणजे लहान जिवाच्या हुशारीचं कौतुक म्हणून आपण मांडीवर घेऊन जी गोष्ट सांगतो, ती पंचतंत्रात एका कपटी दरबाऱ्यानं आपल्या कारस्थानाच्या समर्थनासाठी सांगितलेली आहे. आणि ते कारस्थान यशस्वी होतं. दमनक सिंहाला सांगतो की बैल तुझ्या जिवावर उठलाय. बैलाला सांगतो की सिंह तुला खाणार आहे. दोघं समोरासमोर येतात तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याच्या डोळ्यांत आपली भीतीच दिसते. संजीवक मरतो. पिंगलकाला पश्चात्ताप होतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि पुन्हा मंत्रिपदावर रुजू होतो. मित्रभेद हे पहिलं तंत्र इथे संपतं. दमनकाला शिक्षा होत नाही.

हा शेवट शेकडो वर्षं लोकांना खुपत आला आहे, आणि त्याचा लेखी पुरावा आहे. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातला वैद्य बर्झोई यानं पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. पुढे आठव्या शतकाच्या मध्यात इब्न अल-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखकानं ते अरबीत आणलं. करटक आणि दमनक तिथे कलीला आणि दिमना झाले, आणि पुस्तकाचं नावही तेच पडलं. पण या अरबी पुस्तकात संस्कृतात नसलेलं एक आख्खं प्रकरण आहे. त्यात दिमनावर खटला चालतो. साक्षीदार उभे राहतात, दिमना मोठ्या चलाखीनं स्वतःचा बचाव करतो, आणि अखेर त्याला तुरुंगात मृत्युदंड मिळतो. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फानं स्वतःच जोडलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कपटी माणूस सुखानं मंत्री झाला, हे त्याला गिळवलं नसावं. मला तर हे प्रकरण म्हणजे एखाद्या मुलानं गोष्ट संपल्यावर विचारलेला प्रश्नच वाटतो: मग त्या कोल्ह्याला कोणी काहीच केलं नाही?

या अरबी पुस्तकावरून हिब्रू, हिब्रूवरून तेराव्या शतकात लॅटिन, लॅटिनवरून जर्मन आणि इटालियन, आणि १५७० मध्ये टॉमस नॉर्थचं इंग्रजी, अशी ही गोष्टींची वाटचाल झाली. फ्रान्सच्या ला फोंतेननं १६७८ मध्ये आपल्या नव्या बोधकथा छापल्या तेव्हा, या गोष्टी युरोपात ज्याच्या नावावर सांगितल्या जात त्या पिल्पे या भारतीय ऋषीचं ऋण त्यानं मोकळेपणानं मान्य केलं.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट सहज नजरेआड होते. या कथा मुळात लहान मुलांसाठी नव्हत्याच. पंचतंत्राची चौकट सगळ्यांना माहीत आहे: महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मठ्ठ मुलगे, आणि सहा महिन्यांत त्यांना शहाणं करून दाखवतो असं सांगणारा ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा. पण हे मुलगे उद्या राज्य चालवणार आहेत. त्यांना शिकवायचं आहे ते कोणावर विश्वास टाकावा, शत्रूच्या गोटात हेर कसा घुसवावा, हातात आलेलं कसं निसटतं. काकोलूकीय या तिसऱ्या तंत्रात तर म्हातारा कावळा जखमी शरणार्थ्याचं सोंग घेऊन घुबडांच्या गुहेत राहतो आणि एके दिवशी सगळ्या घुबडांसकट ती गुहा जाळून टाकतो. ग्रंथ त्याचं कौतुकच करतो.

ग्रीसमध्येही तेच. इसाप हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला गुलाम होता, असं परंपरा सांगते. हेरोडोटसनं त्याचा उल्लेख केला आहे. ॲरिस्टॉटलनं वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात प्राणिकथांचा विचार केला तो लोकांपुढच्या भाषणातलं हत्यार म्हणून. त्यानं दिलेलं उदाहरण ऐकण्यासारखं आहे. सिसिलीतल्या हिमेरा शहराचे लोक एका सेनापतीच्या हाती सर्वाधिकार देऊन बसले होते आणि आता त्याला अंगरक्षकही देणार होते. तेव्हा स्टेसिकोरस या कवीनं त्यांना गोष्ट सांगितली. एका घोड्याचं कुरण हरणानं तुडवलं. सूड घ्यायला घोडा माणसाकडे गेला. माणूस म्हणाला, तोंडात लगाम घालून घे आणि मला पाठीवर बसू दे. घोडा कबूल झाला, आणि सूड राहिला बाजूला, कायमचा माणसाचा गुलाम झाला. लगाम तर तुम्ही घातलाच आहे, कवी म्हणाला, आता त्याला पाठीवर बसू देऊ नका. या गोष्टीच्या खाली तात्पर्य लिहायची गरज नव्हती. ऐकणाऱ्यांना आपण कोणत्या घोड्याच्या जागी आहोत ते ठाऊक होतं.

तात्पर्याची ओळ आली ती गोष्टी पुस्तकात संग्रहित झाल्यावर. सुरुवातीला ती गोष्टीच्या आधी लिहीत. वक्त्याला ऐन वेळी ‘कृतघ्नपणावर एक गोष्ट हवी’ असं वाटलं तर पटकन सापडावी, ही त्यामागची सोय. नंतर ती ओळ गोष्टीच्या शेवटी गेली आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिली. मुलांच्या हाती पुस्तकं आली ती या शेपटासकट.

मराठीतल्या छापील पुस्तकांच्या इतिहासात या गोष्टी अगदी सुरुवातीलाच येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ काढली. ती इसापाच्या कथांचं मराठी रूप. मुंबईत १८२२ मध्ये ‘पंचोपाख्यान’, म्हणजे पंचतंत्राचं मराठी रूप, छापून निघालं. आणि १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आली. शाळा नुकत्याच सुरू होत होत्या, वाचायला पुस्तकं नव्हती, आणि हाताला धरून मुलाला मराठी वाचायला शिकवायचं तर या गोष्टींइतकी सोयीची दुसरी वस्तू नव्हती. त्यांनी मराठी गद्य घडवलं. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांना आजही कोल्ह्याची आंबट द्राक्षं, सोन्याचं अंडं देणारी कोंबडी आणि मांजराच्या गळ्यातली घंटा यांच्यावाचून पान हलवता येत नाही, ती ही पुण्याई. पण त्याच शाळेनं ‘या गोष्टीवरून काय बोध मिळतो ते लिहा’ हा प्रश्नही दिला, आणि त्याचं एकच उत्तर बरोबर ठरवलं. नुकसान झालं ते इथे.

कारण मूल गोष्टीतून जे उचलतं ते त्या ओळीतलं असेलच असं नाही. ही शंका पहिल्यांदा जोरकसपणे मांडली ती रूसोनं, १७६२ साली ‘एमिल’ या ग्रंथात. कावळ्याच्या चोचीतला तुकडा कोल्हा स्तुती करून पळवतो, ही गोष्ट आपण मुलांना का सांगतो? खुशामतीला भुलू नये म्हणून. पण रूसो म्हणतो, मुलांकडे नीट पाहा. ती कावळ्याला हसतात आणि कोल्हा व्हायला बघतात. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीत ती मुंगीच्या बाजूची होतात खरी, पण शिकतात काय, तर दारात आलेल्या भुकेल्याला टोमणा मारून हाकलायला. सिंह शिकारीचे सगळे वाटे स्वतःच घेतो त्या गोष्टीत प्रत्येक मूल सिंह असतं. रूसोचा निष्कर्ष, की मुलांना या गोष्टी सांगूच नयेत, मला मुळीच मान्य नाही. पण त्याचं निरीक्षण खोडून काढणं अवघड आहे.

अलीकडे या शंकेची चक्क परीक्षा घेतली गेली. कॅनडात टोरांटोतले कांग ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलाला पाठमोरं बसवायचं, त्याच्या मागे एक खेळणं ठेवायचं आणि वळून बघू नकोस असं बजावून खोलीबाहेर जायचं. बहुतेक मुलं अर्थातच वळून बघतात. मग परत येऊन मुलाला एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, तू बघितलंस का? काही मुलांना ‘लांडगा आला रे आला’ ऐकवली, काहींना खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची, काहींना लहानपणी चेरीचं झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची. तुलनेसाठी काहींना ससा-कासवाची ऐकवली, कारण तिचा खरं-खोटं बोलण्याशी संबंध नाही. लांडग्याची गोष्ट ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र बोलली. संशोधकांनी मग त्याच गोष्टीचा शेवट फिरवला, मुलगा खोटं बोलतो आणि त्याला त्याचे वाईट परिणाम भोगावे लागतात असा केला, आणि गोष्टीचा गुण नाहीसा झाला.

आपल्याकडे मुलाला खोटेपणापासून परावृत्त करायला हटकून जी गोष्ट सांगतात, तीच इथे निष्प्रभ ठरली. थोडा विचार केला तर हे पटतं. मेंढ्या राखणाऱ्या त्या मुलाला लांडगा खातो किंवा मेंढ्या नेतो, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात उरते भीती. शिक्षेची भीती वाटणारं मूल खोटं बोलणं सोडत नाही, ते आणखी जपून बोलतं. वॉशिंग्टनच्या गोष्टीतलं, खरं सांगितल्यावर बाबांनी जवळ घेतलं हे चित्र मात्र खरं बोलण्याची वाट दाखवतं.

टोरांटोतच झालेला आणखी एक प्रयोग प्राणिकथांच्या मुळावरच हात घालतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांना आपल्याजवळचं दुसऱ्याला देण्याविषयीचं पुस्तक वाचून दाखवलं. पुस्तक एकच, पण एका प्रतीत पात्रं माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी होते, तर दुसरीत त्याच जागी माणसांची मुलं. नंतर मुलांना स्टिकर देऊन, ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी त्यातले हवे तेवढे काढून ठेवायला सांगितलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचा देता हात वाढला. प्राण्यांची ऐकलेल्यांचा वाढला नाही. गोष्टीतला प्राणी शहाणा झाला, ठीक आहे, पण माझा त्याच्याशी काय संबंध, असंच बहुधा मुलांना वाटलं असावं. ज्या मुलांना प्राणीही आपल्यासारखेच वाटत होते, त्यांनी अधिक वाटून दिलं, हेही त्यात दिसलं.

म्हणून प्राणिकथा फेकून द्यायच्या का? अजिबात नाही. त्यांच्याकडून चुकीच्या कामाची अपेक्षा करणं तेवढं थांबवायचं. या गोष्टींत बारीक निरीक्षण आहे, आणि ते खरं निघतं. तहानलेल्या कावळ्याचीच गोष्ट घ्या. केंब्रिजजवळ ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी २००९ मध्ये कावळ्याच्या कुळातल्या रूक जातीच्या चार पक्ष्यांपुढे पाण्याची उभी नळी ठेवली. पाणी खाली, त्यावर तरंगणारी अळी, आणि शेजारी दगडांचा ढीग. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी मटकावली. दोन मापांचे दगड ठेवल्यावर ते मोठे दगड उचलायला शिकले, आणि नळीत पाण्याऐवजी भुसा असला तर दगड टाकून उपयोग नाही हेही शिकले. पुढे २०१२ मध्ये असाच डाव मुलांपुढे मांडला, तेव्हा आठ वर्षांपुढच्या मुलांनी तो पहिल्याच फेरीत सोडवला; त्यांच्याहून लहान मुलांना मात्र पक्ष्यांसारखंच करून बघत शिकावं लागलं. ‘गरज ही शोधाची जननी’ असं पाच वर्षांच्या मुलाकडून घोकून घेण्यापेक्षा एक उभट काचेची बरणी, अर्धं पाणी आणि मूठभर गोटे त्याच्या हाती द्यावेत. गोटे बुडताना पाणी चढतं, आणि अमुक एका उंचीच्या खाली पाणी असेल तर गोटे बरणीभर झाले तरी पाणी तोंडाशी येत नाही, गोट्यांच्या फटींतच मुरून राहतं. कावळ्याच्या मडक्यात निदान किती पाणी असायला हवं होतं, हा प्रश्न मग मूल स्वतःच विचारतं. गोष्टीतून विज्ञान निघालं ते असं.

काही गोष्टी तर मुलांना सांगितल्या जातात, पण त्यांचा रोख मोठ्यांवर असतो. मुंगसाची गोष्ट त्यातली. बाळाला राखायला ठेवलेलं मुंगूस सापाला मारतं, रक्तानं माखलेल्या तोंडानं घरधनिणीला सामोरं जातं, आणि यानं बाळाला खाल्लं असं समजून ती डोक्यावरची घागर त्याच्या अंगावर टाकते. आत जाऊन बघते तर बाळ पाळण्यात खेळतंय. या गोष्टीनं जगभर जी घरं केली ती थक्क करणारी आहेत. वेल्समध्ये मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा झाला, आणि बेडगेलर्ट गावात त्या कुत्र्याची समाधीसुद्धा आहे. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या खाणावळवाल्यानं उभारली असं सांगतात. फ्रान्समध्ये लियोंजवळ तर तेराव्या शतकात एका धर्मोपदेशकाला असं आढळलं की गावातल्या आया आजारी तान्ह्यांना घेऊन गिनफोर नावाच्या संताच्या थडग्यापाशी जातात, आणि हा संत म्हणजे असाच घाईनं मारला गेलेला कुत्रा आहे. त्यानं थडगं उकरून हाडं जाळायला लावली. तरी भक्ती शेकडो वर्षं टिकली.

‘अविचारानं कृती करू नये’ हे पुस्तकी तात्पर्य या आयांना ठाऊक असो वा नसो, त्यांनी त्या जनावराची बाजू घेतली. मुलंही तेच करतात. ही गोष्ट सांगून संपली की मूल बाईविषयी बोलत नाही, मुंगसाविषयी बोलतं. न विचारता धपाटा बसल्याचा अनुभव त्याला असतो, आणि या गोष्टीत निदान एकदा मोठं माणूस चुकलेलं असतं.

आणि आपली चिऊ-काऊ. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, चिऊचं मेणाचं टिकतं. भिजलेला काऊ दार ठोठावतो आणि चिऊ आतून कारणं सांगत राहते: बाळाला न्हाऊ घालते, टिकली लावते, झोपवते, मग उघडते. हिचं तात्पर्य काय? पक्कं घर बांधावं? दारात आलेल्याला ताटकळत ठेवू नये? की ओळख नसलेल्याला दार उघडू नये? सांगणाऱ्यागणिक शेवट निराळा. कुठे काऊ गरम तव्यावर बसून भाजतो, कुठे आत येऊन खीर फस्त करतो, कुठे पिल्लंच खातो. आणि ज्या घरात ऐकणारं पोर काऊसाठी कळवळून रडायला लागतं, त्या घरात चिऊ झटकन दार उघडते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला या गोष्टीतून मिळतं ते वाट बघण्याचं सुख: पुढचं कारण कोणतं हे आधीच माहीत असणं आणि ते बरोबर त्याच शब्दांत ऐकायला मिळणं. त्या वयाला एवढं पुरे आहे.

मोठ्या मुलांसाठी मात्र विष्णुशर्म्याची खरी रीत उचलावी. पंचतंत्रात गोष्टीला उत्तर गोष्टीनंच मिळतं. दमनकानं सशाची सांगितली. सिंह आणि बैल झुंजत असताना करटक दमनकाला खडसावतो तेही गोष्टी सांगूनच. त्यातली एक, लोखंड खाणाऱ्या उंदरांची, मुलांना विलक्षण आवडते. परदेशी जाताना एक वाणी आपला लोखंडी तराजू शेजारच्या सावकाराकडे ठेवतो. परत आल्यावर सावकार म्हणतो, उंदरांनी खाल्ला. वाणी काही बोलत नाही. तो सावकाराच्या मुलाला नदीवर आंघोळीला नेतो, गुहेत लपवतो आणि परत येऊन सांगतो की मुलाला ससाण्यानं उचलून नेलं. प्रकरण न्यायाधीशांपुढे जातं. ससाणा एवढा मोठा मुलगा कसा नेईल? जिथे उंदीर लोखंड खातात तिथे नेईल की. तराजू परत मिळतो, मुलगा परत येतो.

ही गोष्ट आणि सशाची गोष्ट एकाच संध्याकाळी पाठोपाठ सांगावी, आणि मग तात्पर्य न विचारता साधे प्रश्न विचारावेत. सशानं थाप मारली आणि वाण्यानंही थाप मारली, दोन्ही चालतील का? गुहेत बसलेल्या त्या मुलाचा यात काय दोष होता? दमनकाला सशाची गोष्ट सांगायचा हक्क होता का? सात-आठ वर्षांची मुलं यावर तावातावानं भांडतात, दोन्ही बाजूंनी बोलतात, मध्येच बाजू बदलतात, आणि कोणीतरी एक जण हमखास विचारतं की त्या गुहेत त्याला खायला काय दिलं होतं.